मणक्यातल्या आणि टाचेतल्या बारीक भेगा नेमक्या पडतात कशा?

शीवकर | १२ जानेवारी, रात्री ९.४०

आमच्या घरात सध्या एकाच फायलीत दोन एमआरआय अहवाल आहेत. पहिला धाकट्या भावाचा. वय ३३, मॅरेथॉनच्या सरावात उजवी टाच दुखू लागली, एक्स-रे निर्दोष आला, आणि एमआरआयमध्ये मात्र टाचेच्या हाडातल्या मज्जेत सूज असून जाळीदार भागात सूक्ष्म फ्रॅक्चर असल्याचे लिहून आले. दुसरा आईचा. वय ६८, बसच्या अगदी मागच्या सीटवर बसलेली असताना गाडी खड्ड्यात आदळली, पाठीत कळ आली आणि कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबल्याचे निदान झाले. तिच्या डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे २.१ होता, म्हणजे ज्याला रीतसर ऑस्टिओपोरोसिस, अर्थात हाडे विरळ होण्याचा रोग म्हणतात त्या उणे २.५ च्या रेषेच्या अलीकडेच.

दोघांवरही उपचार सुरू आहेत, त्यामुळे औषधे सुचवावीत अशी विनंती नाही. मला समजून घ्यायचे आहे ते असे की, रोज पहाटे पळणाऱ्या तरुणाच्या टाचेत आणि कठडा धरून जिना चढणाऱ्या बाईच्या मणक्यात एकाच जातीची इजा कशी काय होते? हाड एका फटक्यात मोडते, ही सर्वसाधारण समजूत भावाच्या बाबतीत तर लागूच पडत नाही. जाळीदार हाडात भेग सुरू कुठे होते, वाढते कशी आणि थांबते कशामुळे, हे कोणी जाणकार नीट उलगडून सांगतील का?

डॉ. अस्थिर | १२ जानेवारी, रात्री ११.१५

नाव चेष्टेने घेतले आहे; व्यवसाय खराच अस्थिरोगतज्ज्ञाचा आहे.

सांगाड्याच्या वजनापैकी साधारण ८० टक्के हाड घट्ट असते आणि २० टक्के जाळीदार. हे जाळीदार हाड मणक्यांच्या पोटात, खुब्यात, मनगटाजवळ आणि टाचेत भरलेले असते. बाहेरून घट्ट हाडाचे पातळ कवच असते, इतकेच. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी डोळ्यांसमोर आणली तर रचनेची कल्पना येईल, फक्त इथे काड्यांच्या जोडीला पातळ पत्रेही असतात आणि मधल्या पोकळ्यांत मज्जा असते. एकेका काडीला आम्ही ट्रॅबेक्युला म्हणतो. तिची जाडी १०० ते २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा ते पाचवा हिस्सा. दोन काड्यांमधली फट साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. उतारवयातल्या मणक्यात तर एकूण जागेच्या जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपासच प्रत्यक्ष हाड उरलेले असते आणि बाकी सगळी मज्जा असते.

आता शीवकरांचा प्रश्न. 'बारीक भेगा' म्हणताना तीन निरनिराळ्या पातळ्यांवरच्या गोष्टी एकत्र होतात आणि अहवाल वाचणाऱ्याचा गोंधळ बहुधा तिथेच होतो. पहिली पातळी एकाच काडीच्या आतल्या भेगेची. ती बहुतेक वेळा ५० ते १०० मायक्रॉन लांब असते, केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते आणि तिने दुखत नाही. दुसरी पातळी म्हणजे अख्खी काडी आरपार तुटणे. अशा तुटलेल्या काडीभोवती शरीर नव्या हाडाची इवलीशी गाठ बांधते. मणक्यांत आणि खुब्याच्या गोळ्यात अशा गाठी बऱ्याच आढळतात आणि त्या ज्याच्या शरीरात असतात त्याला त्यांचा पत्ताही नसतो. तिसऱ्या पातळीवर एका टापूतल्या पुष्कळ काड्या तुटतात, मज्जेत रक्त आणि पाणी साचते आणि माणूस डॉक्टरकडे येतो. एमआरआयला दिसते ते हे पाणी. त्याच्या चित्रातला एक ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरच्या घरातला असतो, तेव्हा ५० मायक्रॉनची भेग त्यात दिसणे शक्यच नाही. एक्स-रे याच्याही मागे असतो. टाचेच्या अशा इजेत दोन-तीन आठवड्यांनी, भरून येणाऱ्या हाडाचा पांढुरका पट्टा काड्यांना आडवा उमटतो, तेव्हा कुठे एक्स-रे 'बोलू' लागतो.

तात्पर्य, तुमच्या दोन्ही अहवालांत तिसरी पातळी आहे, पण तुम्ही विचारलेल्या 'कशी' या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पातळीवर शोधावे लागेल.

काचपट्टी | १३ जानेवारी, सकाळी ७.०५

डॉक्टरांनी म्हटलेली पहिली पातळी मी पाहिलेली आहे, म्हणून लिहितो. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत हाडांच्या काचपट्ट्या तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली.

यातली मूळ अडचण अशी की हाडाचा पातळ काप काढायचा तर करवत चालवावी लागते, आणि करवतीनेच हाडाला भेगा पडतात. मग दिसलेली भेग माणसाच्या अंगात असतानाची की आपल्या टेबलावरची, हे ठरवायचे कसे? अमेरिकेतल्या हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९६० साली यावर सोपा आणि पक्का उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी बरगडीचा तुकडा कापण्याआधी अखंडच बेसिक फुक्सिन या रंगद्रव्यात मुरवला. जी भेग आधीपासून होती तिच्यात रंग शिरला; जी नंतर करवतीने पडली ती कोरी राहिली. जिवंत माणसाच्या हाडात सूक्ष्म भेगा असतात हे अशा रीतीने सिद्ध झाले. पुढची जवळपास सगळी भेगमोजणी याच युक्तीवर उभी आहे.

प्रत्यक्षात काम फार संथ चालते. खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेला गोळा बरणीतून येतो. त्याची जाडसर चकती करून ती वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधल्या फुक्सिनमध्ये ठेवायची, मग प्लास्टिकमध्ये ओतून घट्ट करायची, हिऱ्याच्या करवतीने काप काढायचा आणि तो सुमारे १०० मायक्रॉनपर्यंत घासत आणायचा. घासताना बोटाला काप जाणवेनासा झाला की थांबायचे, ही आमच्या वरिष्ठांची खूण. सूक्ष्मदर्शकाखाली काडी फिकट दिसते आणि तिच्यात पेशींच्या लांबट पोकळ्या गुलाबी ठिपक्यांसारख्या भरलेल्या असतात, कारण त्याही रंग पितात. भेग मात्र नजरेतून सुटत नाही. ती केसासारखी बारीक, गडद किरमिजी असते, तिच्या दोन्ही कडांना रंगाची पुसट साय असते, आणि बऱ्याचदा ती काडीच्या पृष्ठभागापर्यंत येतच नाही. काडी थराथरांनी बनलेली असते. भेग त्या थरांच्या दिशेने थोडी सरकते, एखाद्या थराशी वळते आणि संपते. काडीचा जो मधला भाग जुना असून ज्यात खनिज जास्त साठलेले असते, तिथे भेगा अधिक सापडतात. पृष्ठभागाजवळच्या ताज्या हाडात त्या कमी असतात.

दुसऱ्या एका प्रकारच्या इजेत स्पष्ट रेषच नसते. काडीचा एखादा कोपरा नुसता धुरकट गुलाबी झालेला दिसतो. फार मोठे करून पाहिले तर तिथे मायक्रॉनहूनही लहान भेगांची दाटी असते. प्रयोगांत साधारण असे आढळते की हाड जिथे दाबले जाते तिथे सरळ, ठसठशीत भेगा पडतात आणि जिथे ताणले जाते तिथे ही विखुरलेली इजा होते.

तुळई | १३ जानेवारी, दुपारी १.२०

मी स्थापत्य अभियंता आहे, वैद्यकाचा माझा संबंध रुग्ण म्हणून. पण काडी कशी मोडते हा प्रश्न आमच्याही अभ्यासाचा असल्यामुळे लिहिण्याचे धाडस करतो.

जाळीदार हाडाचा ठोकळा यंत्रात दाबला, तर तो साधारण ०.७ ते ०.८ टक्के आखडेपर्यंत मूळ आकारात परत येतो; त्यापुढे आतली मोडतोड कायमची होते. ठोकळा ओढून ताणला तर ही मर्यादा किंचित कमी आहे. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की हाड विरळ असो वा दाट, ही टक्केवारी फारशी बदलत नाही. बदलतो तो तिथपर्यंत पोहोचायला लागणारा भार, आणि तो घनतेच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलतो, असे कार्टर आणि हेज यांनी १९७७ मध्ये दाखवले. म्हणजे घनता निम्मी झाली की ताकद निम्मी नव्हे, सुमारे चौथा हिस्सा उरते. शीवकरांच्या भावाला आणि आईला एकाच जातीची इजा का झाली, याचे निम्मे उत्तर यात आहे. दोघांच्याही हाडाने तीच मर्यादा ओलांडली. एकाने पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार हजारो वेळा टाकून, दुसरीने विरळ हाडावर एकदाच बसलेल्या धक्क्याने.

मात्र ठोकळा ०.७ टक्के आखडला म्हणजे आतली प्रत्येक काडी तेवढीच आखडली असे नव्हे. काड्या तिरप्या असतात, काही वाकतात. वाकलेल्या काडीची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते, आणि त्या ठिकाणचा ताण सरासरीच्या कितीतरी पट असतो. म्हणूनच ठोकळा बाहेरून ठणठणीत दिसत असताना आत भेगा पडायला सुरुवात झालेली असते. दाबल्या जाणाऱ्या जाळीदार हाडाचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करणाऱ्या संशोधकांना असे दिसले की मोडण्याच्या बेतात आलेली काडी त्या जागी पांढरी पडते. नंतर तपासले असता सूक्ष्म भेगांची दाटी नेमकी त्याच जागी सापडली.

भेग थांबते का, याचेही उत्तर यांत्रिकीत आहे. भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. काच का फुटते ते सांगताना ग्रिफिथने हे गणित १९२१ मध्ये मांडले. काचेत एकदा भेग चालू लागली की तिला अडवायला कोणी नसते. हाडात थर तिला वळवतात, कोलॅजनचे तंतू भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात आणि भेग जसजशी लांबते तसतसा तिला होणारा विरोध वाढतो. मांडीच्या हाडाच्या कित्येक मिलिमीटर जाड भिंतीत १०० मायक्रॉनची भेग म्हणजे किरकोळ बाब. पण काडीच मुळी १०० ते २०० मायक्रॉनची! तिथे तीच भेग आडवी गेली तर निम्मा छेद गेला, आणि विरोध वाढायला पुढे हाडच शिल्लक राहत नाही. भेगा अडवण्याची हाडाची सगळी करामत जाळीदार भागात अपुऱ्या जागेत करावी लागते, आणि माझ्या मते या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे.

अवांतर : काड्यांची मांडणी भाराच्या दिशेने असते हे सर्वप्रथम एका पुलवाल्याच्या लक्षात आले, याचा आम्हाला अभिमान आहे. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये कार्ल कुलमान या अभियंत्याने शरीररचनातज्ज्ञ हेर्मान फॉन मायर यांच्याकडे मांडीच्या हाडाचा उभा काप पाहिला, आणि त्यातल्या रेषा त्याने यारीसाठी काढलेल्या ताणाच्या रेषांशी जुळत होत्या.

निशिगंध | १३ जानेवारी, दुपारी ४.५०

सर्वांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु माझ्या दोन शंका आहेत.

पहिली अशी की, भेगा जर सगळ्यांच्याच हाडांत असतात आणि त्यांनी दुखतही नाही, तर त्यांची एवढी चर्चा कशासाठी? दुसरी शंका व्यक्तिगत आहे. मी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे न होण्याची ती गोळी गेली काही वर्षे घेते आहे. ही गोळी हाड खाणाऱ्या पेशींना आवरते, असे मला सांगण्यात आले. त्या पेशीच जर भेगा साफ करीत असतील, तर गोळीमुळे भेगा साठत जाणार नाहीत का? कुत्र्यांवरच्या प्रयोगात तसेच झाल्याचे वाचले, तेव्हापासून मन साशंक आहे.

डॉ. अस्थिर | १३ जानेवारी, रात्री १०.३०

निशिगंधताई, तुमची दुसरी शंका या क्षेत्रातल्या भल्याभल्यांना पडलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पहिलीचे उत्तर ओघात येईल.

हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात आणि त्या केसाहून बारीक नलिकांतून एकमेकींशी जोडलेल्या असतात. भेग पडली की तिच्या वाटेतल्या नलिका तुटतात आणि तिच्या लगतच्या पेशी मरतात. या पेशी ठरलेल्या क्रमाने, स्वतःला आवरते घेत मरतात, आणि त्यांच्या किंचित पलीकडच्या, जिवंत राहिलेल्या पेशी रँकएल नावाचे प्रथिन वाढवून हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना बोलावतात. उंदरांमध्ये औषधाने हे पेशीमरण रोखून पाहिले, तेव्हा भेग तशीच असूनही ऑस्टिओक्लास्ट आलेच नाहीत. म्हणजे दुरुस्तीचे बोलावणे पेशींच्या मरणातून जाते. काचपट्टी यांनी सांगितलेली विखुरलेली इजा मात्र उंदरांत ऑस्टिओक्लास्टनी हाड न खणताही भरून येताना दिसली आहे.

ऑस्टिओक्लास्ट दोन ते चार आठवडे हाड खणतात. त्यानंतर ऑस्टिओब्लास्ट पेशी तो खड्डा भरतात, आणि त्यांना चार ते सहा महिने लागतात. खणणे झटपट आणि भरणे संथ, ही तफावत लक्षात ठेवावी. जाळीदार हाडाचा साधारण चौथा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो, घट्ट हाडाचा जेमतेम ३ टक्के. आता तुळईरावांच्या मुद्द्याशी हे जोडून पाहा. काडीवर खणलेला खड्डा ४० ते ६० मायक्रॉन खोल असतो. काडी १०० मायक्रॉनची असेल तर दुरुस्तीच्या काळात तिची निम्मी जाडी गेलेली असते, आणि खड्ड्याच्या तळाशी ताण पुन्हा एकवटतो. दोन्ही बाजूंनी खड्डे समोरासमोर आले तर काडी आरपार तुटते. एकदा दोन टोके सुटी झाली की भरायला आधार उरत नाही आणि ती काडी कायमची जाते. रजोनिवृत्तीनंतर खणण्याचे प्रमाण एकाएकी वाढते, त्यामुळे स्त्रियांमध्ये अख्ख्या काड्या नाहीशा होतात. पुरुषांमध्ये त्या बहुधा नुसत्या बारीक होतात.

तेव्हा भेग असणे हा रोग नव्हे. भेगा पडण्याचा वेग आणि त्या बुजण्याचा वेग यांचा मेळ बसत नाही, किंवा बुजवण्याची क्रियाच जाळी विरळ करू लागते, तेव्हा रोग सुरू होतो. शीवकरांच्या भावाच्या बाबतीत पहिला प्रकार झाला, आईच्या बाबतीत बहुधा दुसरा.

गोळीविषयी. कुत्र्यांवरचे प्रयोग खरे आहेत. नेहमीच्या प्रमाणापेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेत ही औषधे दिल्यावर त्यांच्या बरगडीत भेगा वाढल्या आणि हाडाचा चिवटपणा घटला. पण त्याच औषधांनी माणसांत खड्डे खणण्याचे प्रमाण कमी होते, काड्या टिकतात आणि मणक्यांची फ्रॅक्चर जवळजवळ निम्म्यावर येतात. जाळीदार हाडात काडी शाबूत राहण्याचा फायदा भेगा साठण्याच्या तोट्याहून फार मोठा ठरतो. अनेक वर्षांच्या सेवनानंतर मांडीच्या हाडाच्या मधल्या भागात, म्हणजे घट्ट हाडात, क्वचित आडवे फ्रॅक्चर होते; त्याआधी पुष्कळदा मांडीत किंवा जांघेत दुखू लागते. म्हणून या गोळ्यांचा साधारण पाच वर्षांनी फेरविचार करण्याची पद्धत आहे. तोपर्यंत तुमच्या डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये. सहा महिन्यांनी टोचण्याचे डेनोसुमॅब ज्यांना सुरू आहे त्यांनी तर मुळीच नाही, कारण ते मध्येच सोडले की खणण्याचा वेग उसळतो आणि एकाच वेळी अनेक मणके दबलेले आम्ही पाहतो.

पट्टीचा_धावक | १४ जानेवारी, सकाळी ६.१५

संक्रांतीच्या शुभेच्छा. आमच्या शिवाजी पार्कच्या गटात टाच आणि नडगी धरून बसणारे दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत हमखास निघतात, तेव्हा 'खणणे झटपट, भरणे संथ' हे वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. माणूस पावसाळा संपल्यावर जोमाने अंतर वाढवतो. दम आणि स्नायू काही आठवड्यांत साथ देऊ लागतात, त्यामुळे आपण तयार झालो असे वाटते, आणि हाड मात्र त्या वेळी खणलेल्या अवस्थेत असते. बरोबर ना?

दोष सर्रास सिमेंटच्या रस्त्यांना दिला जातो. त्यात कितपत तथ्य आहे?

डॉ. अस्थिर | १४ जानेवारी, दुपारी २.१०

बरोबर. रस्त्याच्या कडकपणापेक्षा भारातली अचानक वाढ अधिक महत्त्वाची आहे. लांब पळण्याच्या उत्तरार्धात स्नायू थकतात आणि धक्का शोषण्याचे त्यांचे काम हाडावर येऊन पडते, हेही त्यात मिळवा. ही इजा पहिल्यांदा लष्करातच ओळखली गेली, ते यामुळेच. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब संचलनानंतर सुजणाऱ्या पावलांचे वर्णन केले. एक्स-रेचा शोध १८९५ चा, त्यामुळे ती सूज हाडाच्या फ्रॅक्चरची आहे हे त्यांना दिसणे शक्य नव्हते.

आणखी एक कारण धावपटू लपवतात. ते म्हणजे पुरेसे न खाणे. खर्चाच्या मानाने आहार सतत कमी पडला तर शरीर संप्रेरकांत काटकसर करते आणि हाड भरण्याचे काम मागे पडते. पाळी चुकू लागलेल्या धावपटू मुलीच्या नडगीत दुखत असेल, तर आधी तिच्या जेवणाची चौकशी करावी.

टाचेसाठी घरच्या घरी करता येण्याजोगी एक खूण : टाच दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून आवळली असता कळ आली, तर हाडातल्या इजेचा संशय घ्यावा. तळव्याच्या पडद्याच्या दुखण्यात कळ खाली, टाचेच्या पुढच्या आतल्या कडेला येते आणि सकाळच्या पहिल्या पावलांना जास्त असते.

शीवकर | १४ जानेवारी, रात्री ९.००

मनःपूर्वक आभार. भावाची कळ आवळल्यावरचीच आहे.

आईविषयी दोन गोष्टी राहिल्या. तिला बरीच वर्षे मधुमेह आहे. त्याचा इथे काही संबंध येतो का? आणि टी-स्कोअर उणे २.१ असताना मणका दबत असेल, तर त्या तपासणीला अर्थ तरी काय राहिला? आमच्या ओळखीतले एक गृहस्थ 'डेक्सा म्हणजे पैसे काढण्याचे साधन' असे ठासून सांगतात.

काचपट्टी | १४ जानेवारी, रात्री ११.४५

मधुमेहाचा संबंध आहे. भेगेच्या दोन काठांना धरून ठेवणारे कोलॅजनचे तंतू लवचिक असतील तरच ते काम नीट करतात. रक्तात साखर दीर्घकाळ जास्त राहिली की ती कोलॅजनला चिकटते आणि तंतूंमध्ये नको तिथे पक्के टाके पडतात. वयानुसार हे सगळ्यांतच होते, मधुमेहात अधिक होते. खनिज तेवढेच राहते, पण हाड ठिसूळ होते. त्यामुळे टाइप २ मधुमेहात डेक्साचा आकडा चांगला असूनही फ्रॅक्चर होताना दिसतात.

आकडा आणि ताकद यांची फारकत दाखवणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या रिग्ज आणि सहकाऱ्यांनी ऑस्टिओपोरोसिस झालेल्या स्त्रियांना चार वर्षे सोडियम फ्लोराइड दिले. १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा मणक्यांची घनता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलेली होती, मणक्यांची फ्रॅक्चर मात्र म्हणावी तशी घटली नव्हती आणि इतर हाडांची उलट वाढली होती. हाड पुष्कळ तयार झाले, पण चांगले झाले नाही.

डॉ. अस्थिर | १५ जानेवारी, सकाळी ८.२०

काचपट्टी यांच्याशी सहमत, परंतु त्यांच्या प्रतिसादावरून कोणी डेक्सा मोडीत काढू नये. खुब्याची घनता टी-स्कोअरच्या एका अंकाने घटली की खुब्याच्या फ्रॅक्चरचा धोका सुमारे अडीच पट होतो. इतके सांगणारी दुसरी स्वस्त तपासणी आपल्याकडे नाही. तिला जाळीची मांडणी दिसत नाही, भेगा दिसत नाहीत, कोलॅजन दिसत नाही, हे मात्र खरे. शिवाय उतारवयात मणक्यांच्या कडांना वाढलेले काटे, महारोहिणीतले कॅल्शियम आणि दबून घट्ट झालेला मणका यांमुळे पाठीचा आकडा खोटा चांगला येतो. म्हणून खुब्याचा आकडा वेगळा पाहावा. आणि एवढ्याशा धक्क्याने मणका दबला असेल, तर आकडा काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिस मानून उपचार करायचे असतात.

तुळई | १५ जानेवारी, दुपारी १२.३५

मागच्या सीटविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे. मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे असलेली सीट खड्ड्यात सर्वांत जास्त उसळते, कारण गाडीचा सांगाडा पुढच्या भागाभोवती झुलतो आणि टोकाची हालचाल मोठी होते. प्रवासी आधी सीटवरून सुटतो आणि मग वर येणाऱ्या सीटवर आदळतो. त्या क्षणी तो पुढे वाकलेला असला, पिशवी सावरत असला, तर सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. त्यामुळेच मणका पाचरीसारखा, पुढून दबतो. रस्त्यावरच्या गतिरोधकांमुळे बसप्रवाशांचे मणके असे दबल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कमरेचा पहिला मणका यात वारंवार सापडतो, कारण बरगड्यांनी जखडलेली ताठ पाठ तिथे संपते आणि लवचिक कंबर सुरू होते.

यात आडव्या काड्यांचा भागही मोठा आहे. मणक्यात उभ्या काड्या भार वाहतात आणि आडव्या काड्या त्यांना मधे मधे बांधून ठेवतात. वयाबरोबर आडव्या आधी जातात. ऑयलरने १७४४ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार बारीक खांबाची वाकून मोडण्याची मर्यादा त्याच्या आधारहीन लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मधली एक आडवी काडी गेली, लांबी दुप्पट झाली, की उभी काडी पूर्वीच्या चौथ्या हिश्शाच्या भारालाच वाकते. तिच्या जाडीत केसभरही फरक पडलेला नसला तरी. अशा काडीला एक जुनी भेग पुरते.

निशिगंध | १५ जानेवारी, सायंकाळी ६.४०

माझ्या शंकेचे समाधान झाले. गोळी चालू ठेवते आहे आणि फेरविचाराची तारीख डॉक्टरांना विचारणार आहे. शीवकर, आईंना मधली सीट मिळाली तरच बसमध्ये चढायला सांगा. ज्येष्ठांच्या राखीव जागा पुढे असतात, त्या मागताना संकोच करू नये.

डॉ. अस्थिर | १५ जानेवारी, रात्री १०.५५

एक महत्त्वाची गोष्ट राहिली होती. साठीपुढचा मणका दबला म्हणजे तो ऑस्टिओपोरोसिसनेच दबला, असे गृहीत धरणे आपल्या शहरात तरी धोक्याचे आहे. मणक्याचा क्षयरोग इथे आजही नेहमी दिसतो. क्षयात दोन मणक्यांमधली चकती आणि तिच्या वरखालच्या मणक्यांच्या कडा खाल्ल्या जातात. साध्या दबलेल्या मणक्यात चकती बहुधा शाबूत असते. ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारी वेदना यांची चौकशी करावी. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातही मणके असेच दबतात, त्यासाठी प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करून घ्यावी. जोडीला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या असतातच. पायात बळ कमी वाटले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर यांतल्या कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

भावाचा एमआरआय मात्र पुन्हा काढू नका. मज्जेतली सूज चित्रात काही महिने रेंगाळते आणि उगाच घाबरवते. आवळल्यावर कळ येणे बंद झाले, भरभर चालताना दुखेनासे झाले, की मग हळूहळू पळणे सुरू करता येईल. टाचेला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात.

शीवकर | १६ जानेवारी, सकाळी ९.२५

अहवाल पुन्हा नीट वाचला. वरखालच्या दोन्ही चकत्या शाबूत असल्याचे त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि ताप किंवा वजन घटणे यांपैकी काहीही नाही. इलेक्ट्रोफोरेसिस केलेली नव्हती. आजच्या भेटीत ती आणि खुब्याचा वेगळा आकडा, दोन्ही विचारतो. भावाने यंदाच्या शर्यतीतून नाव काढून घेतले आहे.